लहान पट्ट्यांचा कॅसिओ

कीबोर्डच्या पट्टीचे माप सांगताना एकेक पट्टी न मोजता सप्तक मोजण्याची रीत आहे. पियानोवर, तसेच पूर्ण आकाराच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर, सात पांढऱ्या पट्ट्यांचे एक सप्तक सुमारे 16.5 सेंटीमीटर भरते. म्हणजे एका पट्टीला साडेतेवीस मिलिमीटर. लहान पट्ट्यांच्या वाद्यांत हेच सप्तक ढोबळमानाने 13 ते 15 सेंटीमीटरांत बसवलेले असते. नेमके माप मॉडेलगणिक बदलते. कागदावर फरक दोन-तीन सेंटीमीटरांचा दिसतो, पण बोटांना तो पहिल्या मिनिटात कळतो.

सोलापुरात, किंबहुना महाराष्ट्रात सगळीकडेच, या वाद्याचे चालू नाव कॅसिओ. कंपनी कुठलीही असो, वाजवणारा ‘कॅसिओवाला’च. या एका नावाखाली फार वेगवेगळ्या वस्तू येतात. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मूल हट्टाने मागते तो रंगीत प्लास्टिकचा डबा म्हणजे कॅसिओ. भजनी मंडळात पेटीशेजारी मांडलेले 61 पट्ट्यांचे वाद्यही कॅसिओ, आणि ऑर्केस्ट्रात स्टँडवर एकावर एक चढवलेली दोन भारी वाद्येही कॅसिओच. त्यामुळे लहान पट्ट्यांचा कॅसिओ चांगला की वाईट, या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याच्या मनात बहुधा पहिली वस्तू असते आणि विचारणाऱ्याच्या मनात तिसरी.

जाणकारांचा ठरलेला सल्ला असा: लहान पट्ट्यांचे वाद्य घेऊ नये, त्याने हात बिघडतो. हा सल्ला निम्मा बरोबर आहे. वाद्य बहुतेक वेळा खरोखरच सामान्य असते, पण त्याचा ठपका पट्टीच्या रुंदीवर ठेवला जातो. दोष बहुतांशी दुसरीकडे असतो.

मुळात 16.5 सेंटीमीटर हे माप निसर्गनियम नव्हे. अठराव्या शतकातल्या युरोपातील कित्येक हार्प्सिकॉर्ड आणि व्हिएन्ना घडणीच्या पियानोंचे सप्तक 16 सेंटीमीटरच्या आत-बाहेर होते. पुढे सभागृहे मोठी झाली, पियानो दणकट झाले, मंचावर जाहीर कार्यक्रम करणारे बहुतेक वादक पुरुष होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांनी आजचे रुंद माप पक्के केले. एकदा साचे ठरले की ते बदलायला कोणी धजावत नाही. ऑस्ट्रेलियात 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पियानोवादकांचे हात मोजले गेले. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेला पंजा पुरुषांत सरासरी साडेबावीस सेंटीमीटरच्या आसपास आणि स्त्रियांत वीसच्या आसपास भरला. प्रचलित पट्टी पहिल्या हाताला सोयीची आहे. दुसऱ्या हाताला तिच्यावर सप्तक गाठता येते, पण त्यापलीकडचे स्वर घेताना ओढाताण होते. योसेफ हॉफमन (1876–1957) हा विसाव्या शतकातला अव्वल दर्जाचा पियानोवादक. त्याचे हात लहान होते, म्हणून स्टाइनवे कंपनीने त्याला किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो करून दिले. 1990च्या दशकात कॅनडाचे ख्रिस्तोफर डॉनिसन आणि अमेरिकेचे डेव्हिड स्टाइनब्युलर यांनी साडेपाच आणि सहा इंची सप्तकाच्या पियानो-पट्ट्या बनवायला घेतल्या. साडेपाच इंच म्हणजे 14 सेंटीमीटर. बाजारात ‘मिनी’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे मापही साधारण तेवढेच असते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अ‍ॅकॉर्डियनचीही तीच गोष्ट. पूर्ण आकाराच्या पियानो-अ‍ॅकॉर्डियनची पांढरी पट्टी साधारण वीस मिलिमीटर रुंद असते, म्हणजे सप्तक पुन्हा 14 सेंटीमीटरच्या घरात. हिंदी चित्रपटसंगीतातले गुडी सीरवाई, पुण्याचे इनॉक डॅनियल्स, केरसी लॉर्ड यांचे काम या पट्ट्यांवर झाले आणि तिथे कोणाचा हात बिघडला नाही. केरसी लॉर्ड यांनी तर 1970च्या दशकात मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत मिनीमूग सिंथेसायझर आणला. त्याच्या पट्ट्या पूर्ण आकाराच्या. एकच वादक आज अरुंद पट्टीवर आणि उद्या रुंद पट्टीवर सफाईने वाजवत होता.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार मात्र पेटी. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875च्या सुमारास युरोपीय हार्मोनियमचे रूपांतर हाताने भाता मारायच्या पेटीत केले. मांडी घालून बसणाऱ्यासमोर मावेल एवढ्या खोक्यात तीन-साडेतीन सप्तके बसवायची होती. म्हणून हातपेटीच्या पट्ट्या पियानोपेक्षा थोड्या अरुंद आणि बऱ्याच आखूड झाल्या. कारागिरागणिक त्यांत कमीजास्त असतेच. संगीत नाटकाच्या काळात पायपेटी, म्हणजे ऑर्गन, आणि हातपेटी दोन्ही नांदत होत्या. पायपेटीच्या पट्ट्या पियानोच्या जातीच्या. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, विठ्ठलराव कोरगावकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर ही महाराष्ट्र आणि बेळगाव पट्ट्यातली संवादिनीवादनाची परंपरा प्रमाण मापापेक्षा लहान पट्टीवर उभी राहिली. पेटीवर आक्षेप काही कमी घेतले गेले नाहीत. आकाशवाणीने 1940 साली तिला दार बंद केले आणि 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते नीट उघडले नाही. पण त्या वादात मुद्दा होता श्रुतींचा, मींड निघत नाही याचा, ठरीव स्वरांचा. पट्टी लहान आहे अशी तक्रार कोणी केली नाही.

सोलापूर परिसरात शिकणाऱ्या मुलाचा हात पुढे कुठे जाणार, हेही यातच पाहायला हवे. पाश्चात्त्य पियानो शिकवणारे शिक्षक शहरात शोधावे लागतात. पेटी मात्र गल्लीगल्लीत आहे. भजनी मंडळात, शाळेच्या प्रार्थनेला, कीर्तनाच्या साथीला, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भजनांना, मोडनिंबकडच्या संगीतबारीत, अकलूजच्या लावणी स्पर्धेत पेटीवाला असतोच. ज्या मुलाचे पुढचे वाद्य पेटी आहे, त्याला पियानोच्या मापाची शिस्त आधी लावून घेण्याचे कारण उरत नाही. शिवाय 37 पट्ट्यांचे लहान वाद्य म्हणजे बरोबर तीन सप्तके: मंद्र, मध्य आणि तार. गळ्याच्या संगीताला एवढा पल्ला पुरतो. पियानोच्या 88 पट्ट्या ज्या संगीतासाठी आहेत त्यात दोन्ही हात वेगवेगळे बोलतात. भजन, अभंग, भावगीत, लावणी यांत उजवा हात गळ्याच्या मागे धावतो आणि डावा एरवी भात्यावर असतो.

इथवर पाहिले तर लहान पट्टी निर्दोष ठरते. पण पेटीवाल्यालाच असे वाद्य हातात देऊन पाहावे; तो दोन मिनिटांत ते बाजूला सारतो. त्याचे कारण काळी एकमध्ये सापडते.

महाराष्ट्रात गायक आपला सूर पट्टीच्या नावाने सांगतो: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी पाच. पुरुषांच्या भजनात काळी एक फार चालते. बिलावलाचे सात स्वर काळी एकपासून घेतले, तर सा, रे, म, प आणि ध काळ्या पट्ट्यांवर येतात. ग आणि नी तेवढे पांढऱ्यांवर. हात जवळजवळ पूर्णवेळ काळ्या पट्ट्यांच्या रांगेत राहतो आणि पांढरा स्वर घ्यायला बोट बाहेर न ओढता तिथल्या तिथे, पट्टीच्या आतल्या भागात टेकते. लहान वाद्य नेमके इथे अडते, आणि त्यात रुंदीपेक्षा लांबीचा भाग मोठा आहे. पियानोच्या पांढऱ्या पट्टीची दिसणारी लांबी साधारण 15 सेंटीमीटर. लहान वाद्यांत ती दहाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पट्टी ही शेवटी तरफ आहे. बिजागरी मागे दूर असली तर आतल्या बाजूला दाबले तरी ती सहज खाली जाते. आखूड पट्टीत बिजागरी जवळ येते, म्हणून टोकाला हलकी लागणारी पट्टी आत दाबताना जड होते आणि कधी स्वर अर्धवटच लागतो. काळी पट्टीही बारीक झाल्यामुळे दोन काळ्यांमधल्या फटीत मोठ्या माणसाचे बोट अडकते. अ‍ॅकॉर्डियनच्या पट्ट्या अरुंद असूनही हा त्रास होत नाही, कारण त्या पुरेशा लांब असतात.

यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ट्रान्सपोजचे बटण. वाजवायचे पांढरी एकपासून, ऐकू येणार काळी एक. सोय खरी, आणि ती मोठ्या वाद्यांतही असते. स्केलचेंजर पेटी तेच काम लाकडी यंत्रणेने करते. पण लहान वाद्यावर ती सोय राहत नाही, गरज बनते. मूल पांढऱ्या पट्ट्यांवरच वाढते, आणि एक दिवस भजनात कोणी साधी पेटी पुढे सरकवून ‘काळी दोन धर’ म्हटले की त्याचे हात थांबतात. मुलाच्या घडणीत झालेले नुकसान असेल तर ते हे. लहान पट्टीचा त्यात हात आहे, पण आडवाटेने.

दुसरा आणि त्याहून मोठा दोष नादाचा. स्वस्त लहान वाद्यांत पट्टी हळू दाबली काय आणि जोरात दाबली काय, आवाज तेवढाच येतो. पेटीतही पट्टीवरच्या आघाताने आवाज बदलत नाही, असे यावर म्हणता येईल. खरे आहे, पण पेटीला भाता असतो. स्वर फुगवणे, ओसरू देणे, शब्दाच्या शेवटी श्वास सोडल्यासारखा दाब कमी करणे, हे सारे डावा हात करतो. पियानोवर तेच काम बोटाचा वेग करतो. पट्टीची संवेदनाही नाही आणि भाताही नाही, अशा वाद्यावर शिकणाऱ्याला स्वराचे स्थान कळते, स्वराचे वजन कळत नाही. वर्षभरानंतरही त्याचे वादन सरळ रेषेसारखे राहते, आणि लोक म्हणतात, पट्ट्या लहान होत्या ना!

हा आरोप रुंदीवर टिकत नाही, याचा पुरावा बाजारातच आहे. यामाहाच्या 2015 सालच्या रीफेस मालिकेतल्या वाद्यांना 37 लहान पट्ट्या आहेत आणि त्या स्पर्शाला प्रतिसाद देतात. त्याच कंपनीच्या पीएसएस-ए50 या स्वस्त वाद्यातही ती सोय आहे. कॉर्गच्या 2002 सालच्या मायक्रोकॉर्गला 37 लहान पट्ट्याच होत्या, तरी जगभरच्या व्यावसायिक बँडनी तो मंचावर वापरला. उलट कॅसिओच्या एसए-76 या 44 लहान पट्ट्यांच्या, घरोघर पोचलेल्या वाद्यात स्पर्शसंवेदना नाही आणि एका वेळी जास्तीत जास्त आठ स्वर वाजतात. काही ध्वनींत त्याहूनही कमी. डाव्या हाताने तीन-चार स्वरांचा कॉर्ड धरून उजव्याने जलद तान घेतली की मागचे स्वर मध्येच गळतात. पट्टी दोन्हींकडे लहानच, पण एकीकडे वाद्य आहे आणि दुसरीकडे खेळण्याची थोरली बहीण.

अर्थात खेळण्याला कमी लेखण्याचेही कारण नाही. कॅसिओच्या 1981 सालच्या एमटी-40 मध्ये 37 लहान पट्ट्या होत्या आणि काही तयार ताल. त्यातला एक ठेका हिरोको ओकुदा या तरुण अभियंतीने घडवला होता. 1985 साली जमैकात त्याच ठेक्यावर ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणे निघाले आणि रेगे संगीत वाद्यवृंदाकडून यंत्राकडे वळले. लहान पट्ट्यांच्या एका घरगुती वाद्याने एका देशाच्या संगीताची दिशा बदलली.

लहान वाद्याच्या बाजूने बोलणारी बाकीची कारणे साधी, घरगुती आहेत. पूर्ण आकाराच्या 61 पट्ट्यांना 36 पांढऱ्या पट्ट्या लागतात. नुसत्या पट्ट्यांची रांगच 85 सेंटीमीटर होते आणि वाद्य 93–95 सेंटीमीटरवर जाते. त्याला टेबल किंवा स्टँड हवा, आणि तो कायमचा उभा ठेवायला कोपरा हवा. सोलापुरात असा कोपरा सगळ्यांकडे नसतो. पूर्व भागात यंत्रमाग आणि बिऱ्हाड एका भिंतीला टेकून असते. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत 10,000 घरे झाली, शेजारी रे नगरचा 30,000 घरांचा प्रकल्प आला. ही घरे हक्काची आहेत, पण ऐसपैस नाहीत. फळीवर ठेवता येणारे, सहा पेन्सिल सेलवर चालणारे, हेडफोन लावून रात्री शेजाऱ्याची झोप न मोडता वाजवता येणारे वाद्य इथे चैनीची वस्तू राहत नाही. मोठे वाद्य खोक्यात घालून माळ्यावर गेले की महिन्यातून एकदा उतरते; लहान वाद्य रोज हाताशी असते. रियाजाच्या हिशेबात रोजची वीस मिनिटे माळ्यावरच्या उत्तम पट्ट्यांना भारी पडतात.

मुलांचा हात हा तर पूर्ण आकाराच्या समर्थकांचा सर्वांत कच्चा मुद्दा. व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाला पाव, अर्धे, पाऊण मापाचे वाद्य देतात आणि हात वाढेल तसे बदलतात. तिथे कोणी म्हणत नाही की पुढे मोठे वाजवायचे आहे म्हणून आतापासून मोठेच धर. सात वर्षांच्या मुलाचा पंजा साडेसोळा सेंटीमीटरवर पोचता पोचत नाही. पाच बोटे पाच पट्ट्यांवर सैल ठेवणे, मनगट न आवळणे, अंगठा खालून काढणे या पहिल्या सवयी त्याला अरुंद पट्टीवर अधिक सहज लागतात. रुंद पट्टीवर तो बोटे ताणून, कोपर उचलून वाजवतो आणि मग वर्षभर तीच खोड मोडण्यात जाते. लहान हाताच्या प्रौढ पियानोवादकांतही दुखण्याच्या तक्रारी अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मुलांना वेगळा न्याय लावायचे कारण नाही.

संगणकावर गाणी बांधणाऱ्यांच्या बाबतीत तर वाद फारसा उरतच नाही. जयंतीच्या, गणपतीच्या मिरवणुकीसाठी घरच्या लॅपटॉपवर गाणी तयार करणारी पोरे 25 लहान पट्ट्यांचा कंट्रोलर मांडीवर घेतात. त्याला स्वतःचा आवाज नसतो. तो फक्त स्वर संगणकाला कळवतो. चुकलेला स्वर पडद्यावर उचलून जागेवर ठेवता येतो, सप्तक बटणाने वर-खाली करता येते. पट्टीची रुंदी तिथे टंकलेखनाच्या कळीइतकीच महत्त्वाची.

लहान पट्टी साफ नापास होते ती मंचावर. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिराच्या सभागृहात तीन तासांचा ऑर्केस्ट्रा चालतो तेव्हा वादकाचे डोळे गायकाकडे, ढोलकीकडे, पुढच्या गाण्याच्या कागदावर असतात. हाताला अंतर आपोआप कळले पाहिजे. एक वाद्य रुंद आणि वरचे अरुंद असेल तर गाण्यामध्येच अंतराचा नकाशा बदलावा लागतो. कसलेल्याला ते जमते, पण ती मेहनत विनाकारण. डाव्या हाताने कॉर्ड, उजव्याने बासरीचा तुकडा, मध्येच बटणे, हा कारभार घाईत करताना अरुंद पट्टीवर शेजारचा स्वर लागतोच. उकाड्यात घामेजलेले बोट आखूड पट्टीवरून घसरते, हेही मार्च ते जून सोलापुरात वाजवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

पाश्चात्त्य पद्धतीने पियानो शिकायचा, परीक्षा द्यायच्या असे ठरलेल्या दहा-बारा वर्षांपुढच्या विद्यार्थ्यालाही लहान वाद्य उपयोगी नाही. तिथे उड्या आहेत, दोन्ही हातांची सप्तके आहेत, आणि सारे अंतर 16.5च्या हिशेबानेच शिकायचे आहे. एका मापावर पक्का झालेला हात दुसरे माप सहज शिकतो, हे अ‍ॅकॉर्डियनवाल्यांनी आणि पायपेटीवाल्यांनी दाखवले. पण पहिले सहा महिने चालू असताना माप बदलणे म्हणजे बाराखडी अर्धी झाली असताना लिपी बदलणे. अशा विद्यार्थ्याने मोठे वाद्य येईपर्यंत थांबावे, किंवा जुने वापरलेले 61 पट्ट्यांचे घ्यावे. जुने घेताना प्रत्येक पट्टी दाबून पाहावी. पट्ट्यांखाली रबराची पट्टी असते. तिच्यात धूळ बसली की मधलेच एखाद-दोन स्वर मुके होतात. साफसफाईने ते बहुधा परत बोलतात, तुटलेली पट्टी मात्र लवकर मिळत नाही.

भजनाच्या वाटेने जाणाऱ्या मुलासाठी लहान वाद्य घ्यायला हरकत नाही, मात्र ते दुकानात खोके फोडून वाजवून घ्यावे. आधी एकच पट्टी हळू आणि मग जोरात दाबावी. आवाजात फरक पडला तर पुढे जावे. मग ट्रान्सपोज शून्यावर ठेवून काळी एकपासून सा ते वरचा सा, चढता आणि उतरता, सावकाश वाजवावा. ग आणि नी आतल्या बाजूला दाबूनही पूर्ण लागले, तर ते वाद्य घ्यावे.